चार बोटांची दुमड

सरूमावशी मुलीचं माप घेण्याआधी तिच्या आईचं माप घ्यायच्या. मी तेव्हा चौथीतून पाचवीत गेले होते. घोटावड्यात त्यांच्या ओसरीवर शिलाई मशीन होतं. मी दोन्ही हात पसरून ताठ उभी राहिले, तर त्या म्हणाल्या, "तू बाजूला हो गं. आईला उभी कर."

आई लाजली. "माझं कशाला माप?"

"पोर किती वाढणार ते पोरीकडं बघून न्हाई कळत. हिचा बाप उंच हाय का?"

आईने स्वतःच्या डोक्याच्या वीतभर वर हात धरून दाखवला. मावशींनी मान हलवली. "मग चार बोटं ठेवावीच लागतील."

चार बोटं म्हणजे स्कर्टच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. दर जूनमध्ये त्या टीप उसवून त्यातलं थोडं खाली सोडायच्या. तोच स्कर्ट तीन वर्षं पुरायचा. "अंगाबरोबर कापड वाढत न्हाई, म्हणून आधीच ठेवावं लागतं," असं त्या दोरा तोंडात धरूनच बोलायच्या.

माझी शाळा मुळशीच्या डोंगरात, निवासी. बहुतेक मुलं पुण्या-मुंबईची. आसपासच्या गावांतली आम्ही पाच-सहा जण देणग्यांवर शिकायचो. ग्रंथालयावर देणगीदाराच्या नावाची पाटी होती, पोहण्याच्या तलावावर होती, पाण्याच्या फिल्टरवरसुद्धा होती. आमची फी, जेवण, पुस्तकं अशीच कुणाकुणाकडून यायची. गणवेश मात्र सरूमावशींकडून. कापडही त्यांचं, शिलाईही त्यांची. त्या एकदा शाळेत पडदे शिवायला आल्या होत्या. तेव्हा गावाकडची एक मुलगी त्यांना दिसली. कुणाचा तरी जुना स्कर्ट सेफ्टीपिन लावून घातलेला, तरी तो कमरेला धरून चालत होती. मावशी तिथेच म्हणाल्या, "ही पोरगी शिकतीया का स्कर्ट सांभाळतीया?" आणि त्या वर्षापासून त्यांनी हे काम अंगावर घेतलं.

देणगीदारांच्या मेळाव्यात त्या शेवटच्या रांगेत बसायच्या. एकदा मुख्याध्यापकांनी विचारलं, "मावशी, तुमचं नाव कुठे लावायचं?" त्या म्हणाल्या, "कापडावर माझं नाव कशाला? पोरींची नावं घाला. धुयाला गेल्यावर हरवतंय." सगळे हसले. मीही हसले. मला त्या फार आवडायच्या. पुढचं सांगताना हे आधी सांगावंसं वाटतं.

सातवीपर्यंत माझा स्कर्ट दोनदा सोडून झाला होता. वरचं कापड धुऊन धुऊन फिकं झालेलं आणि नवीन सोडलेला भाग गडद निळा. त्यामुळे खाली दोन पट्टे दिसायचे. माझ्या खोलीतली सानिका महाळुंग्याच्या एका नव्या इमारतीत राहायची. ती म्हणाली, "ए, हिच्या स्कर्टला दरवर्षी एक मजला चढतो बघ, आमच्या महाळुंग्यासारखा!" खोली हसली. ती वाईट मुलगी नव्हती. पुढे तिनेच मला गणित शिकवलं. पण त्या दिवसापासून मला माझे पाय सगळ्यांना दिसत आहेत असं वाटायला लागलं.

रविवारी सगळ्या मैदानावर गेल्यावर मी चित्रकलेची कात्री घेतली आणि ते पट्टे कापून टाकले. आत उरलेलं कापडही गेलं. मग कशीबशी हातशिलाई घातली. स्कर्ट गुडघ्यांच्या पार वर गेला.

रेक्टर मॅडमनी विचारलं, "इतका आखूड कसा?"

"मावशींनी कापडच कमी घातलं," मी म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणाले, "सगळ्यांनाच कमी घालतात."

मावशींना बोलावलं गेलं. मी तिथेच उभी होते. त्यांनी स्कर्ट हातात घेतला, उलटा केला आणि कडेवरून अंगठा फिरवला. कड वेडीवाकडी होती. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"व्हय मॅडम," त्या म्हणाल्या. "माझ्याकडनंच कमी पडलं. डोळं पयल्यासारखं न्हाईत आता."

मॅडम चांगल्या शब्दांतच बोलल्या. "तुम्ही खूप केलंत मावशी. आता त्रास घेऊ नका. एक देणगीदार दुकानातून गणवेश द्यायला तयार आहेत." मावशींनी टेप गुंडाळून पिशवीत टाकला. दाराबाहेर मी त्यांच्या वाटेत होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कात्री बोथट हुती वाटतं. हात न्हाई ना कापला?"

मी मान हलवून नाही म्हटलं. एवढंच आमचं बोलणं झालं.

दुकानातले गणवेश आले. छान इस्त्रीचे. तेही तीन वर्षांतून एकदाच मिळायचे, पण आत दुमड नसायची. दुसऱ्या वर्षी गावाकडच्या मुली स्कर्ट खाली ओढत चालायला लागल्या. नवा मागायला कुणीच गेलं नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीत खोट काढायची नसते, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नव्हतं. मी मात्र खोट काढली होती, तीही नसलेली.

बारावीचा निकाल लागला, पुण्यात कॉलेजला प्रवेश मिळाला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पेढे घेऊन मावशींकडे गेले. मशीनवर कपड्यांचा ढीग पडला होता. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी शिवणकाम बंद केलं होतं. मी सगळं सांगितलं.

"ठावं हाय मला."

"मग तेव्हा खरं का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुला ठिवलं असतं व्हय तितं? फुकट शिकणाऱ्या पोरीला खोटं परवडत न्हाई. मला परवडलं."

मी माफी मागितली. त्यांनी पेढा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. "मला काय करायची तुझी माफी? जितं खोटं बोललीस तितं जाऊन सांग की."

मी गेले नाही. आधी परीक्षा होती, मग नव्हती, तरी गेले नाही. गेल्या थंडीत मावशी वारल्या.

या वर्षी शाळेने मला मेळाव्यात माजी विद्यार्थिनी म्हणून बोलायला बोलावलं. कार्यक्रमाआधी मी रेक्टर मॅडमना गाठलं आणि खरं सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली गं. सोड आता. भाषण छान कर." मी भाषणात तेच सांगितलं, मावशींच्या नावासकट, कात्रीसकट. टाळ्या वाजल्या. त्या ऐकताना मला खाली बघावं लागलं.

नंतर जेवणाच्या रांगेत जवळच्याच नांदे गावातली एक मुलगी माझ्यापुढे होती. सातवीतली, प्रतीक्षा नावाची. एका हातात ताट आणि दुसऱ्या हाताने ती स्कर्ट खाली ओढत होती. मी येताना पिशवीत सुईदोरा घेऊन आले होते; इतक्या वर्षांत दुकानातल्या स्कर्टलाही थोडी दुमड येत असेल, असं वाटलं. तिला म्हटलं, "बदलून ये. मी जरा खाली सोडून देते."

ती खूश होऊन पळाली आणि स्कर्ट घेऊन आली. मी तो उलटा केला, सरूमावशींसारखा कडेवरून अंगठा फिरवला.

आत एक बोटभरही कापड नव्हतं.