खाडीच्या बाटलीत फॉर्मालिन

माझी थोरली बहीण कोकणात दिली आहे. घरामागेच खाडी. दर आठवड्याला आक्का खाडीचं पाणी बाटलीत भरून, थर्मासमध्ये बर्फात ठेवून एसटीने मला कोल्हापूरला पाठवायची. त्यातले डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाचं, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, ओळखणं हे माझं काम. काही जाती विषारी असतात. तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, ते खातात आणि माणसं तिसऱ्या खातात. वाईट एवढंच की विषारी जात आणि साधी जात सूक्ष्मदर्शकाखाली जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. खरं काय ते डीएनए सांगतो.

त्याआधी वीस वर्षं मी कळंब्याच्या तलावाचं पाणी नुसतं डोळ्यांनी तपासलं. तेव्हाची शिस्त एकच, बाटली हातात आली की आधी फॉर्मालिन, म्हणजे नमुना सडत नाही. पण त्याने डीएनएची वाट लागते, हे मीच विद्यार्थ्यांना ओरडून सांगतो. आणि त्या सोमवारी सकाळी, फोनवर कुणाशी तरी भांडता भांडता, आक्काने रविवारी भरलेल्या बाटलीत मीच ते ओतलं. स्वतःला चार शिव्या घातल्या. म्हटलं, जाऊ दे, पुढच्या आठवड्यात दुसरी येईल.

दुपारी फोन आला, दाजी गेले. आदल्या दिवशी घरात तिसऱ्या केल्या होत्या. तिची पोरं सुट्टीला आमच्याकडे होती, म्हणून आक्काने त्यांचा आणि स्वतःचाही वाटा दाजींनाच वाढला. संध्याकाळी उलट्या, मग बरळणं, बायकोलाही ओळखेनात. दवाखान्याच्या कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवसाचं उरकून मी खाडीवर गेलो, तर पाणी नितळ. शिंपले कचऱ्यात गेलेले. त्या दिवसाचं म्हणून जे उरलं होतं, ते माझ्या बाटलीत. सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारख्या पेशींच्या साखळ्या दिसल्या, संशयित घराण्यातल्याच. डीएनए पाच वेळा काढायला गेलो. काही हाती लागलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

महिन्याभराने आक्काने फोनवर विचारलं, “खरं सांग रं. माझ्या हातचं खाऊन ह्ये गेलं व्हय?”

मी खोटं बोललो. “न्हाय आक्का. पाण्यात कायबी न्हवतं. तपासलंय मी.”

ती खूप वेळ रडली. मलाही हलकं वाटलं. मग नाक ओढत म्हणाली, “मग उद्या पोरांस्नी तिसऱ्या करते की. लई दिस मागत्यात. तवापास्नं मीच हात लावला न्हवता.”

“नगं!” मी ओरडलोच. “अजाबात करू नगंस.”

“का रं? पाण्यात काय न्हवतं म्हनलास की.”

“आनी थोडं दिस जाऊ दे की,” मी म्हणालो.

“म्हंजे मीच,” ती म्हणाली.

तसं नाही, मलाच काही कळलेलं नाही, बाटली मी नासवली, हे सांगायला तोंड उघडेपर्यंत तिने फोन ठेवला होता. नंतर दिवसभर लावला, तिने उचलला नाही.