काकूंचे नऊ फोटो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही: लंडनच्या स्टॅनमोरमधलं प्रत्येक मराठी घर जी चूक डॉक्टरकाकांची म्हणून ओळखतं, ती माझी आहे. काकांच्या हातून चूक होणं शक्यच नव्हतं. चूक व्हायला माणसाला काहीतरी करून टाकावं लागतं, आणि काका काहीच करून टाकत नसत. ते तुलना करत.

आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलांत लोकांना भूल दिली, निवृत्त झाले आणि खिशात मावणारे, रोलचे जुने रेंजफाइंडर कॅमेरे जमवू लागले. त्यांच्या छोट्या खिडकीतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. त्या एकमेकींवर नेमक्या बसल्या की फोकस लागला. असे पाच कॅमेरे डायनिंग टेबलावर टी-टॉवेल अंथरून ओळीने ठेवलेले असत आणि काका रोज सकाळी त्यांचा राउंड घेत. "बेड नंबर दोन, लेन्स उत्तम, पण शटर थंडीत झोपतं. तीन, जपानी, गुणी आहे, पण उजेडाचं मीटर फार आशावादी. चार, रशियन, याला फक्त धाक कळतो." चाचणीचा विषय एकच: समोरच्या घराचा व्हीली बिन, म्हणजे चाकांचा कचऱ्याचा डबा, बारा फुटांवरून, टेपने मोजून. बिनवर रंगवलेला घरनंबर कुठल्या लेन्समधून जास्त रेखीव येतो ते भिंगाने बघायचं आणि वहीत गुण द्यायचे. समोरच्या बाईंनी एकदा कौन्सिलला फोन केला, की एक म्हातारे गृहस्थ आमच्या कचऱ्यावर पाळत ठेवतात. कौन्सिलचा माणूस आला. काकांनी त्याला चहा दिला आणि दीड तास पाचही कॅमेरे समजावले. तो पुन्हा आला नाही.

"अहो, त्या बिनचे ढीगभर फोटो आहेत घरात," काकू म्हणायच्या, "माझा एक तरी काढलात का?"

"आधी कॅमेरा ठरू दे गं. तुझा फोटो काय कुठल्याही कॅमेऱ्याने काढायचा?"

हे ते अगदी मनापासून म्हणत. काकू सहा वर्षं थांबल्या.

कॅमेरा ठरला तो काकूंच्या स्कॅनचा रिपोर्ट आला त्या आठवड्यात. नंबर एक, जर्मन, मुठीएवढा. छत्तीसच्या रोलवर सत्तावीस बिन आधीच होते. उरलेले नऊ फोटो काकांनी एका दुपारी बागेत काकूंचे काढले. मी तिथेच होतो. जांभळी साडी, वर कार्डिगन, तेही आता अंगावर लोंबणारं. "हसू का?" काकूंनी विचारलं. "हलू नकोस फक्त," काका टेप गुंडाळत म्हणाले. "मग भूलच द्या की," काकू म्हणाल्या, आणि स्वतःच खुदकन हसल्या.

तीन आठवड्यांनी काकू गेल्या. रोल तोवर कॅमेऱ्यातच होता. काका म्हणाले, "अरे, तू सेंट्रल लंडनला जातोस, एवढा लॅबमध्ये देशील? माझे हात थरथरतात. खालचं बटण आधी दाब, मग हँडल फिरव, हलकं लागेपर्यंत. मगच झाकण उघड." कॅमेरा घेऊन मी ट्रेनमध्ये बसलो आणि ऑफिसचा कॉल आला. कुठला तरी सर्व्हर पडला होता. एका कानाला फोन धरून मी हँडल फिरवलं, बटण न दाबता. ते लगेच अडलं. गुंडाळला गेला असेल, असं समजून मी ते वर ओढलं. मागचं झाकण उघडलं आणि आत फिल्म तशीच ताणलेली दिसली. दोन सेकंदांत बंद केलं, मग बटण दाबून रोल नीट गुंडाळला आणि लॅबमध्ये दिला.

उजेड पडतो तो रिळावरच्या सगळ्यात वरच्या वेटोळ्यांवर, म्हणजे शेवटी काढलेल्या फोटोंवर. सत्तावीस बिन स्वच्छ आले, नंबरसकट. काकूंचे नऊ फोटो पांढरे फटक.

काकांनी तासभर भिंग लावून निगेटिव्ह पाहिली. "झाकण कुठे उघडलं नव्हतं ना रे?"

"नाही काका."

"तू म्हणतोस म्हणजे नाहीच."

इतक्या विश्वासाने विचारलं, म्हणूनच खोटं बोलणं सोपं गेलं. त्यांनी झाकणाच्या कडेचा, उजेड अडवणारा जुना फोम नखाने उचकटला. तो डांबरासारखा बोटाला चिकटला. "हा बदलायचा होता. दोन वर्षं म्हणतोय नुसतं. मी आळस केला."

तेराव्याला काकूंचा पासपोर्टचा फोटो मोठा करून ठेवला होता, व्हिसाच्या खिडकीसमोर उभं केल्यासारखा चेहरा. तेव्हापासून मराठी मंडळात कुणीही भेटलं की काका सांगतात, "जुना कॅमेरा असेल तर आधी फोम बदला. मी आळस केला आणि बायको दुसऱ्यांदा घालवली." लोक मान हलवतात. मीही हलवतो.

मागच्या रविवारी गेलो होतो. टेबलावर एकाच माणसाचं ताट. शेजारी काका कात्रीने फोमच्या पट्ट्या कापत बसलेले, कुणा अनोळखी माणसाच्या कॅमेऱ्यासाठी. "निदान दुसऱ्या कुणाचं जायला नको," म्हणाले. मी पट्टी धरून दिली आणि हवेबद्दल बोललो. काका ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी आळस केला नव्हता, झाकण मी उघडलं होतं, एवढं त्यांच्यासमोर बसून सांगायचं देणं मी त्यांचं लागतो.