नकाशातलं कोरडं तळं

नगरपालिकेच्या भिंतीवर नव्या विकास आराखड्याचा नकाशा लावला होता. आमच्या वस्तीच्या हरकतींची यादी घेऊन मी तिथे गेले आणि नकाशात आमचं तळं शोधलं. तिथे पिवळा चौकोन होता: 'पडीक जागा, प्रस्तावित निवासी'.

"मॅडम, मोजणीच्या वेळी पाणी नव्हतं," कारकून म्हणाला.

"मे महिन्यात मोजलंत ना?" सोबतच्या शांतामावशी कडाडल्या. "ऑगस्टात या, गळ्यापर्यंत पाण्यात उभं करते!"

या तळ्याच्या जोरावर आमच्या विहिरी उन्हाळा काढतात. वीस वर्षांचं शहर आखणाऱ्यांना तीन महिने थांबवलं नाही! झोपलेल्या माणसाला कुणी मेलेला ठरवतं का?

अर्जात 'जागेचा सध्याचा वापर' असा रकाना होता. मी लिहिलं, 'इथे पाणी मुरतं.'

कारकुनाने मान वर केली. "हे कशाबद्दल?"

"सध्या तरी तळ्याबद्दल," मी म्हटलं.