एतिदालची शपथ

माझं लग्न एका शब्दापायी मोडायला आलं होतं.

बाबा पालघरला शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि संध्याकाळी शिरगावच्या मित्राच्या वाडीत जाऊन पेलाभर ताडी घ्यायचे. दारूबंदीचे दिवस होते, पण बाबांच्या मते ताड हे झाड होतं आणि झाडाला कायदा लागत नाही. आईचा जीव मात्र टांगणीला. त्या सुमारास तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. तिथे नोकरीला आलेल्या मराठवाड्यातल्या एका कुटुंबाकडून मला मागणी आली. मुलाच्या वडिलांची अट एकच, घर निर्व्यसनी हवं.

आईने बाबांना देव्हाऱ्यासमोर शपथ घ्यायला सांगितलं. बाबा म्हणाले, टेम्परन्स पाळीन. मोठा सोयीचा शब्द. इंग्रजीत त्याचा एक अर्थ बेताने वागणं आणि दुसरा दारूला अजिबात न शिवणं. बाबा पहिल्या अर्थात ऐसपैस बसले होते. आई फारशी शिकलेली नव्हती, पण दूधखुळीही नव्हती. ती थेट तारापूरला बाबांच्या एका स्नेह्यांकडे गेली. ते उर्दू शाळेतले मास्तर, दारूच्या थेंबाला कधी न शिवलेले. नवऱ्याचं पिणं चारचौघांत कसं काढायचं, म्हणून तिने फक्त शब्दाचा अर्थ विचारला. आमच्याकडे त्याला एतिदाल म्हणतात, मास्तर म्हणाले.

आईने माणसाकडे पाहून शब्दाचा अर्थ लावला. मास्तर पीत नाहीत, त्या अर्थी एतिदाल म्हणजे न पिणं. घरी येऊन तिने बाबांकडून त्याच शब्दाची शपथ घेतली. बाबांनी ती अगदी हसतमुखाने घेतली, लबाड कुठले.

मुलाचे वडील आले. चहापाणी झालं आणि त्यांनी विषय काढलाच. आई पदर सावरून म्हणाली, "आमच्याकडं एतिदाल हाय. देवासमोर शपथ घेतलीय यांनी."

पाहुणे हैदराबाद संस्थानात वाढलेले, सगळी शाळा उर्दूतून शिकलेले. हे आम्हाला काय ठाऊक!

"एतिदाल म्हणजे बेताने," ते म्हणाले. "म्हणजे थोडी चालते?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी जमिनीकडे. आई उठून आत गेली.

पाहुण्यांनी आवाज चढवला नाही. ताडीचं एक वेळ राहू द्या, ते म्हणाले, पण ज्या घरात बायकोलाच शपथेचा अर्थ सांगत नाहीत, तिथल्या शब्दावर सोयरीक कशी करायची? मी दाराआड होते. मुलगा माझ्या मनात भरला होता, त्यामुळे मला बाबांचा भयंकर राग आला होता. तरी त्यांचा पडलेला चेहरा बघवेना.

बाबा स्वयंपाकघरात गेले. आता एतिदाल नाही, परहेज, असं त्यांनी सुरू केलं. परहेज म्हणजे पूर्ण वर्ज्य, इंग्रजीत त्याला काय म्हणतात तेही सांगू लागले.

आई चुलीपाशी बसली होती. वर न बघताच म्हणाली, "मराठीत सांगा."

एवढा भाषेचा माणूस, पण त्यांना बराच वेळ शब्द सापडेना.

"नाय पिणार," ते म्हणाले.

आईने डोळे पुसले, फुंकणी बाजूला ठेवली आणि मला म्हणाली, पाहुण्यांना जेवायला थांबायला सांग.