अजान झाली तेव्हा ठेवलेला चेंडू

गेल्या हंगामातल्या शेवटच्या सामन्यात, भरपाईचा वेळ चालू असताना, आमच्या इमारतीतल्या गोलकीपरने हातातला चेंडू जमिनीवर ठेवला आणि पाठ फिरवून तो गोलपोस्टच्या मागे चालू लागला. समोरच्या संघाच्या फॉरवर्डने चेंडू रिकाम्या जाळ्यात ढकलला. रेफ्रीने गोल दिला. तोवर एकही गोल झालेला नव्हता. बरोबरी राहिली असती तर क्लब वरच्या श्रेणीत गेला असता. तो गेला नाही.

इतके तुम्हालाही ठाऊक असेल. तो व्हिडिओ मस्कतमधल्या बहुतेक मराठी घरांत पोहोचला होता. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर तो पहिल्याच संध्याकाळी आला, हसण्याच्या चिन्हांसह. याच ग्रुपवर महिनाभर आधी त्याच्या सत्काराचे फोटो होते. शाल त्याच्या खांद्यांना पुरली नव्हती.

आम्ही मस्कतच्या गाला भागात राहतो, गॅरेजांच्या मागच्या रस्त्यावर. तो तिसऱ्या मजल्यावर वाढला. वडील मूळचे वसईचे, एका हॉटेलच्या किचनमध्ये सुपरवायझर. मुलाचा जन्म मस्कतचा, शाळा इंडियन स्कूल. मराठी समजायची, बोलताना मात्र अडखळायचा. आमच्याकडच्या एक वहिनी त्याला नेहमी विचारत, "फुटबॉल ठीक आहे रे, पण नोकरी कुठे करतोस?"

"हीच, आंटी."

"अरे, ही झाली संध्याकाळची. सकाळची कुठली?"

तो हसून त्यांच्या हातातल्या भाजीच्या पिशव्या घेई आणि पुढे जिना चढू लागे.

पण ती खरोखरच नोकरी होती. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की वडिलांच्या व्हिसावर राहता येत नाही. स्वतःची नोकरी हवी, नाहीतर देश सोडायचा. सोहारच्या वाटेवरच्या एका गावातल्या क्लबने त्याला एका हंगामासाठी करारावर घेतले, व्हिसाही दिला. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात आणि त्यातली एक कीपरवर घालवणे तिथे अनेकांना पटले नव्हते. करार पुन्हा झाला तर तो जन्मला त्या शहरात राहणार होता. नाही झाला तर वसईला जाणार होता. वसईला तो सुट्टीतच गेला होता.

"मला दे, मी सांभाळतो," हे त्याचे ठरलेले वाक्य होते. इमारतीच्या कार्यक्रमात लहान मुलांचे बूट, बायकांच्या पर्स, कुणाचा चष्मा, सगळे त्याच्याकडे जमा होई. क्लबमध्येही तेच झाले. सराव दुपारी उशिरा सुरू होई आणि मध्येच भिंतीपलीकडच्या मशिदीत मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान होई. ट्युनिशियाचे कोच "खलास" म्हणत. चेंडू जिथल्या तिथे थांबत. मुले नळावर हातपाय धुऊन मैदानाच्या कडेला रांगेत नमाजला उभी राहत. संघात नमाज न पढणारा हा एकटाच. एकदा कुणाची तरी चांदीची अंगठी वाळूत हरवली आणि सगळा संघ मोबाइलचे दिवे लावून ती शोधत बसला. त्यानंतर गोलपोस्टच्या मागे एक निळी बादली आली. अजान सुरू झाली की हा चेंडू खाली ठेवायचा आणि बादली उचलायचा. घड्याळे, अंगठ्या, जपाच्या तसबी, गाड्यांच्या किल्ल्या, सगळे तीत पडायचे. नमाज होईपर्यंत तो बादली पोटाशी धरून उभा राहायचा.

मुले त्याला 'बँक' म्हणत. "यल्ला बँक, उघड." हे सांगताना तो खूश असायचा. कीपर एरवी एकटाच असतो. त्या वेळी सगळे त्याच्याकडे येत.

शेवटचा सामना त्याच मैदानावर होता. वेळापत्रकाप्रमाणे तो अजानच्या आधी संपायला हवा होता. दोन खेळाडूंची टक्कर झाली, स्ट्रेचर आले, वेळ वाढत गेला. कॉर्नर आला. त्याने उडी मारून तो दोन्ही हातांनी पकडला. चांगली पकड होती. तो खाली उतरला आणि भिंतीपलीकडे अजान सुरू झाली.

व्हिडिओत पुढचे स्वच्छ दिसते. तो चेंडू हळूच ठेवतो. वळतो. त्या दिवशी गोलच्या मागे बादली नव्हती, सामन्याला नसतेच. तो जिथे ती नेहमी असते तिथवर जातो आणि थांबतो. मग त्याला लोकांचा आवाज ऐकू येतो.

पहिले दोन दिवस लोक हसले. तिसऱ्या दिवशी हसणे थांबले, कारण कुणीतरी त्याच व्हिडिओला वेगळा मजकूर जोडला. परधर्माचा मुलगा, सामना पणाला, आणि अजानचा आदर म्हणून चेंडू खाली ठेवला. हा व्हिडिओ पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त फिरला. आमच्या ग्रुपवर हात जोडल्याची चिन्हे आली. ती पाठवणारी माणसे तीच होती. हॉटेलच्या किचनमध्ये ओमानी सहकाऱ्यांनी वडिलांशी हस्तांदोलन केले. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चच्या पायऱ्यांवर वसईच्या लोकांनी मुलाला मध्ये उभे करून फोटो काढले. त्या फोटोंमध्ये तो खाली पाहतो आहे.

वडील म्हणाले, "देवानेच थांबवले त्याला."

"देवाने नाही, पप्पा. बादलीने."

"गप रे. लोक चांगलं बोलतायत तर बोलू दे की."

आदराची गोष्ट उभी राहिली तेव्हा तिला दुसरी बाजूही लागली. अजान चालू असताना गोल मारणारा तो फॉरवर्ड. किनाऱ्यावरच्या बरका गावचा, एकोणीस वर्षांचा. त्याला आलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. त्याने आपले सोशल मीडियावरचे खाते बंद केले. त्याच्या आईने त्याला विचारले की तू असे का केलेस. हे कीपरला कोचकडून कळले.

त्याच आठवड्यात क्लबचे अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावर आले. सोबत हलवा आणि थर्मासमध्ये काहवा, अरबी कॉफी. इमारतीतले आम्ही काही जण बोलावलेले होतो. अध्यक्षांना क्लबमध्ये सगळे 'अर्बाब', म्हणजे मालक, म्हणत. ते हिंदीत बोलले.

"ये हमारा बेटा है. ये इधर रहेगा, इन्शाल्ला. कागज मैं भेजता हूँ."

वडील उभे होते, ते आणखी ताठ झाले. मुलाने काहीतरी बोलायला तोंड उघडले. अध्यक्षांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते. खोलीतल्या सगळ्यांना तो विनय वाटला. अध्यक्ष गेल्यावर वडिलांनी हलव्याची ताटली पुढे केली, तेव्हा तो उठून गॅलरीत गेला.

मी इथल्या एका इंग्रजी दैनिकात क्रीडा पानावर काम करतो. दोन दिवसांनी तो जिन्यात थांबला होता.

"अंकल, एक न्यूज द्यायची आहे. ॲक्चुअली, न्यूज नाही. करेक्शन."

तो जिन्यातच बोलला, आधी मराठीत, मग इंग्रजीत. रेफ्रीची शिट्टी झाली नव्हती. सामना चालू होता. फॉरवर्डने कुठलाही नियम मोडला नाही, कुणाचा अपमान केला नाही. आपण आदराने थांबलो नाही, सवयीने थांबलो. ती चूक होती.

"आदर नव्हता, असं लिहू?" मी विचारले.

त्याने विचार केला. "आदर आहे. पण तेव्हा डोक्यात तो नव्हता. डोक्यात घड्याळं होती."

"करार सहीसाठी कधी येणार आहे?"

"नेक्स्ट वीक."

"सही झाल्यावर छापलं तर?"

"मग ते चीटिंग होईल ना, अंकल." तो भिंतीकडे बघत होता. "सगळे थँक यू म्हणतात. मला मान वर करता येत नाही. गोल खाल्ला तेव्हा पण एवढं वाटलं नव्हतं."

संध्याकाळी वडील आले. ड्यूटीच्या कपड्यांतच होते. बसले नाहीत.

"छापू नका, साहेब. कोणाचं काय बिघडतंय? गोल गोलच राहिला ना?"

"त्या दुसऱ्या मुलाचं बिघडतंय."

"तो त्याच्या देशात आहे. त्याला कोण काढणार इथून?"

मी म्हणालो की मजकूर त्यांच्या मुलाचा आहे, त्याने सांगितले तर मी मागे घेईन. वडील दाराशीच उभे राहिले. मग म्हणाले, "त्याला कशाला विचारू? लहान होता तेव्हा शाळेत कोणाची पेन्सिल चुकून दप्तरात आली की रात्रभर झोपायचा नाही. त्याच्या आईनेच शिकवलं ते. मीपण." ते खाली गेले. घरात त्यांनी त्याला विचारले की नाही, हे मला कळले नाही. निरोप आला नाही.

मजकूर पानाच्या तळाला चार ओळींत आला. त्याच्यावर प्रतिक्रिया थोड्या आल्या. काहींनी कीपरला कृतघ्न म्हटले. एकाने लिहिले की हाही प्रसिद्धीचाच प्रकार. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर त्या दिवशी पाण्याच्या टँकरची चर्चा होती.

क्लबने काहीही म्हटले नाही. पुढच्या आठवड्यात करार आला नाही. कोचने फोन करून सांगितले की परदेशी खेळाडूची ती जागा आता स्ट्रायकरला दिली जाणार आहे, आणि असा विचार आधीपासूनच होता. ते खरेही असू शकते. अध्यक्षांचा फोन आला नाही. वडिलांनी दोनदा केला, तो उचलला गेला नाही.

दूर दुक्मच्या बंदरावर एका कंत्राटदाराकडे स्टोअरकीपरची जागा होती. वडिलांनी चौकशी केली, पण व्हिसाची मुदत आधी संपत होती.

बरक्याच्या फॉरवर्डने आपले खाते पुन्हा उघडले. त्यावर त्या चार ओळींचे कात्रण होते. खाली त्याने काही लिहिले नव्हते.

कीपर मुंबईच्या दुपारच्या विमानाने गेला. वडिलांना त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, किंवा त्यांनी मागितली नाही. दोन्ही ऐकायला मिळते. जाताना तो आमच्या मजल्यावर आला, सगळ्यांना भेटला. वहिनींनी त्याला डब्यात काहीतरी दिले. ग्लोव्ह्ज त्याने सामानात ठेवले होते, हातातल्या बॅगेत नाही.

खाली एक पांढरी गाडी उभी होती. आम्ही गॅलरीतून पाहिले. तिच्यातून उतरून ज्याने सामान डिकीत ठेवले आणि त्याला विमानतळावर नेले, तो व्हिडिओत पाहिलेला बरक्याचा फॉरवर्ड होता.