टॅबचं कुलूप आणि आईचं गाऱ्हाणं

अन्याय माझ्या आईवर झाला. गौरी-गणपती पोचवून मुंबईकर परत गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तिने टॅब उघडला आणि ज्या ॲपवर तिला जहाजावरचा माझा दादा दिसायचा, त्याने सांगितलं: या उपकरणावर आता चालणार नाही.

काच धड, बॅटरी धड. जुनं झालं होतं ते आतलं अँड्रॉइड, आणि नवं देणं कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. दादा बंदराला लागला की फोन करतो, आणि बंदर जवळ आलं होतं.

"माझ्या फोनवर बघ ना."

"त्या एवढ्याशा फोनात माका त्येचा नाक पण दिसणा नाय."

तळेऱ्याच्या बाजारातल्या मोबाइलवाल्या दुकानदाराने टॅब हातातही घेतला नाही. "भंगारात घाल गो बाय. नवीन घे." मी विचारलं, यात मोडलंय काय? तो हसला, गिऱ्हाईकंही हसली. चळवळीची पत्रकं वाटत फिरणाऱ्या माझ्यासारख्या मुलीला हे हसू पाठ असतं. समोरून मी येताना दिसले की लोक रस्ता बदलतात.

मग मीच बसले. फोटो लॅपटॉपवर घेतले, कारण कंपनीचं कुलूप, म्हणजे दुसरी सिस्टीम घालू न देणारी बंदी, उघडलं की टॅबमधलं सगळं पुसलं जातं. कुलूप उघडलं. आता रिकव्हरी. मुख्य सिस्टीम बाजूला ठेवून दुरुस्तीसाठी सुरू होतो तो छोटा प्रोग्रॅम. कंपनीचा फक्त कंपनीचं ऐकतो. लोकांनी बनवलेला बसवला की त्यातून नवी सिस्टीम घालता येते. आमच्या मॉडेलसाठी तो कुणीतरी परदेशात बसून फुकट बनवला होता. इंटरनेटवर त्याच्या चर्चेचं पान होतं, तिथे काही वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं. मी एक शंका विचारली. उत्तर नाही. आमच्या वाडीत हाक मारल्यासारखंच.

पहिल्यांदा बसवला आणि टॅब नेहमीसारखा सुरू होऊ दिला. जुन्या सिस्टीमने तो तिथल्या तिथे पुसला. बसवल्याबरोबर लॅपटॉपची केबल काढून, दोन बटणं दाबून धरून थेट रिकव्हरीत शिरावं लागतं. हात कमी पडतात.

"आये, मी सांगितलं की केबल ओढ."

तिने हात जोडले. "आधी गाऱ्हाणा घालूक व्हया."

गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घातलेलं साकडं, घालायचं ते जाणत्या पुरुषाने, आणि 'होय म्हाराजा' म्हणायचं जमलेल्या सगळ्यांनी. जमणार कोण? मुंबईकर गेले की वाडीतल्या घरांना कुलपं.

"बा देवा म्हाराजा, माझो झील समुद्रात आसा, माका त्येचा तोंड दिसांदे रे म्हाराजा!"

आणि ती माझ्याकडे बघत थांबली. देवाशी माझं पटत नाही, हे तिला ठाऊक आहे.

"होय म्हाराजा," मी म्हटलं. त्या मोठ्या ओटीवर तो एकच आवाज फार बारीक वाटला.

"आता वडू?"

"वड."

रिकव्हरी उघडली. संध्याकाळपर्यंत नवी सिस्टीम बसली, ॲपही चाललं. त्याच आठवड्यात दादा दिसला.

"बारीक झालंस गो आये."

"मेल्या, आधी आरशात बघ!"

तेवढ्यात नेट गेलं. आईने काळी पडलेली काच पदराने पुसली. मी त्या चर्चेच्या पानावर 'चाललं' असं लिहिलं. त्यालाही अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

माझी मागणी सरळ आहे. पुढचा फोन किंवा टॅब घेताना दुकानदाराला विचारा: नवी सिस्टीम किती वर्षं देणार, आणि द्यायची बंद केलीत तर कुलूप उघडू देणार का? उत्तर नसेल तर वस्तू काउंटरवर ठेवा आणि बाहेर पडा. मी विचारते तेव्हा हसतात, कारण मी एकटी असते. तुम्ही विचारा.