देवळं कुठल्या दिवशी घ्यायची

माझ्या पाळीची तारीख होणाऱ्या सासूबाईंनी टूरवाल्याला सांगितली, तेव्हा माझ्या तोंडात समोशाचा घास होता. तो धड गिळवेना, धड थुंकवेना.

गिरगावात पहिल्या मजल्यावर त्या टूरवाल्याचं ऑफिस. एसी इतका की दात वाजत होते. आम्ही तिघं बसलो होतो: मी, माझा होणारा नवरा आणि त्याची आई. साखरपुडा झाला होता, दादरला हॉल घेतला होता, आणि हनिमूनला बाली ठरलं होतं. बाली मीच सुचवलं होतं. मला समुद्र हवा होता. पाय घातल्यावर पायाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळत नाही असा समुद्र, बस. पण सासूबाईंनी कुठल्यातरी व्हिडिओत तिथली देवळं बघितली आणि त्यांचा जीव त्यात अडकला. "नुसतं समुद्रावर लोळायला एवढ्या लांब कशाला? देवदर्शन होईल, नव्या जोडीला बरं असतं." डोंगरावरच्या एका देवळाचं दार म्हणे मधोमध चिरल्यासारखं आहे. त्या फटीत जोडीने उभं राहायचं, हात जोडायचे, फोटो काढायचा. फोटोत खाली पाणी दिसतं, पण तिथे पाणी नसतंच, फोनखाली आरसा धरतात. हे टूरवाल्यानेच सांगितलं. तरी सासूबाईंना डीपीला तोच फोटो हवा होता.

टूरवाला तसा सज्जन. कीबोर्डकडे बघत म्हणाला, "एक विचारायचं होतं. तिकडे देवळाच्या दारात पाटीच असते, लेडीजना त्या दिवसांत आत सोडत नाहीत. म्हणून आम्ही आधीच विचारून घेतो. देवळं कुठल्या दिवशी घ्यायची?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "हिची महिन्याच्या शेवटाला असते."

त्यांना कसं माहीत? माझ्या आईने सांगितलेलं. मुहूर्त काढताना भटजींच्या पंचांगाआधी दोघी आयांनी माझं पंचांग बघून घेतलं होतं.

"म्हणजे अडचण नेमकी बालीत येणार," सासूबाईंनी हिशेब केला. "काही काळजी नको. लग्नानंतरच्या पूजेसाठी ती गोळ्या घेईलच, त्याच पुढे चालू ठेवायच्या. परत आले की बंद."

शी! परक्या माणसापुढे, समोशाच्या प्लेटीवर, माझं पोट असं वाटून घेतलं दोघांनी. मी होणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं. तो फोनवर कुठलासा बीच मोठा करून बघत होता. किती मोठा करशील रे? वाळूचे कण दिसायला लागले असतील.

कारण त्या गोळ्यांचं काय ते त्याला पक्कं माहीत होतं. आदल्या वर्षी गणपतीत मी त्या घेतल्या होत्या. लालबागला आमच्या दोन खोल्या. गणपती आले की एका खोलीत देव, दुसरीत चूल आणि दोन्हीकडे पाहुणे. तिथे बाहेरची बसणार कुठे? म्हणून गणपती जवळ आले की आमच्याकडे उकडीच्या पिठाबरोबर गोळ्यांचं पाकीट येतं. आईने वर्षानुवर्षं ते घेतलं. पुढेपुढे तिला अंगावरून इतकं जायला लागलं की शेवटी पिशवी काढावी लागली. ऑपरेशनहून आल्यावर ती काय म्हणाली माहितीये? "सुटलंय गो. आता गणपतीक कसली भीती नाय." 

मला त्या गोळ्यांनी ओकाऱ्या झाल्या, अर्धं डोकं फुटायला आलं, डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखं झालं. परळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या गोळ्यांना तू परत हात लावायचा नाही. तुझ्या डोकेदुखीवर धोक्याच्या आहेत." त्या दिवशी माझी पर्स हातात धरून शेजारी कोण बसलं होतं? हाच.

घरी जाईपर्यंत त्याच्या बहिणीने व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला: 'आमचं बाली'. मी, तो, त्याची आई, वडील, बहीण, आत्या. हनिमून दोघांचा, ग्रुप सहांचा! सासूबाईंनी टाकलं, "देवळं शेवटच्या दोन दिवसांतच बसताहेत. तिची गोळ्यांची सोय होईल." खाली आत्याबाईंचे जोडलेले हात. आणि त्याखाली माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा उभा अंगठा. ज्या माणसासमोर मी अजून पाय पसरून बसले नव्हते, त्याने माझ्या पाळीला अंगठा दाखवला. मी परळला लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते. रक्ताची मला किळस नाही. किळस आली ती त्या पिवळ्याधमक अंगठ्याची.

रात्री त्याला फोन केला. "मी गोळ्या घेणार नाही. का ते तुला माहितीये. तू सांग घरी."

"अगं, एकदाच घे ना. एकदाने काय होतंय? मी आईला काय सांगू?"

"डॉक्टरांनी सांगितलंय ते सांग."

"असलं आईशी कसं बोलणार यार? ऑकवर्ड होतं."

वा रे शहाण्या! त्याच्या आईने टूरवाल्याशी बोललेलं चालतं, वडिलांनी अंगठा दाखवलेला चालतो, फक्त हा तोंड उघडणार म्हटलं की ऑकवर्ड. तरी मी म्हटलं, बोलून तर बघ. बघतो म्हणाला. खरं सांगते, मी देवळाचा विचार सोडलाच होता. देवळं राहोत नाहीतर जावोत. मला फक्त बघायचं होतं, की हा माणूस माझ्यासाठी एक वाक्य बोलतो का. जन्मभराचं राहू दे, एक वाक्य.

दोन दिवसांनी त्याने दादरला बोलावलं. आमचं नेहमीचं हॉटेल, नेहमीचं टेबल. चेहरा असा फुललेला की माझाही जीव भांड्यात पडला. म्हटलं, बोलला बुवा! मागवलेलं पियूष टेबलावर येईपर्यंतही त्याला दम निघेना.

"सॉल्व्ह झालं. तू गोळ्या घेऊ नकोस."

"आई काय म्हणाल्या?"

"आई म्हणाली, तिला नाही जमत तर नाही. मग मी येते. अगं, वेगळ्या रूममध्ये! देवळं मी नि आई करू, त्या वेळी तू समुद्रावर जा. तुला समुद्रच हवा होता ना? टूरवाल्याला पण विचारलं, तिसरं तिकीट मिळतंय."

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. मी त्याच्या हसण्याची वाट बघत राहिले. पण तो माझ्या शाबासकीची वाट बघत होता. बिचारा खरंच खूश होता हो! त्या चिरलेल्या दारात हात जोडून उभी राहिलेली मायलेकरं माझ्या डोळ्यांसमोर आली. फोनखाली आरसा धरायला मी. कप्पाळ माझं!

"तिसरं तिकीट कशाला?" मी म्हटलं. "दोनच पुरतील. तुम्ही दोघं जाऊन या."

तो हसला. मी अंगठी ओढली तेव्हा हसू गेलं. मेली निघेना, बोट सुजलेलं. शेवटी हॉटेलच्या बेसिनवर साबण लावून काढली, पुसली आणि आणून त्याच्या पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवली. वेटर पियूष घेऊन आला तर मी म्हटलं, त्यांनाच द्या दोन्ही.

घरी मात्र रणकंदन झालं. "गोळीपायी लगीन मोडलंस?" आई कपाळ बडवत राहिली. मी तिला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. टूरवाला, समोसा, अंगठा, तिसरं तिकीट. ती मधे एकदाच बोलली. "सासऱ्यान पण वाचलान?" मी हो म्हटलं. ती उठून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी परत घासत होती. नंतर कितीतरी दिवस आमचं बोलणं 'जेव' नि 'जेवले' एवढंच. मला तिचाही राग होता. तारीख वाटायला सुरुवात तिनेच केली होती.

मग गणपती आले. पीठ आलं, पाकीट आलं नाही.  आणि गणपतीच्याच दिवशी पहाटे मला पाळी आली. आली तर नेमकी! आतल्या खोलीत आई उकड मळत होती, बाहेर काकू दुर्वा निवडत होती. मी दारातच थांबले आणि मुद्दाम काकूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "आई, मला पाळी आलीय. मी मावशीकडे जाते."

काकूचे हात थांबले. आईने वर बघितलं नाही. उकडीवरून तळहात दोनदा फिरवला, काठाला चिकटलेलं पीठ नखाने खरवडलं. मी एव्हाना चप्पल पायात अडकवली होती.

"खंय जातंस?" ती म्हणाली. "हात धुवन ये नि बस वळूक. उकड सुकता."